नव्या इंजिनाची मूठ

नवस, अंगारे, चमत्कार यांच्याविरुद्ध पत्रकं मीच लिहिली आहेत, त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते लपवणं हाही खोटेपणाच.

येलदरी धरणाच्या पाण्याकाठी आमचं गाव. मच्छीमार सोसायटीला होडीचं इंजिन मिळावं म्हणून जिंतूरला मोर्चा कुणी नेला? मी. पत्रकं कुणी वाटली? मी. आणि इंजिन आलं तेव्हा ते कुणाच्या ताब्यात दिलं? गंगारामच्या! मोर्चाच्या दिवशी हा घरी जाळं विणत बसला होता. हार त्याच्या गळ्यात, जाळ माझ्या पोटात.

नवं इंजिन आधी रुळवावं लागतं. पेट्रोलात ऑइल जरा जास्त, वेग कमी; वेगाची मूठ पूर्ण पिळली तर आतला पिस्टन तापून अडकतो. गंगाराम रोज काठाकाठानं फटफट करत फिरायचा आणि मला बघून हाक मारायचा, "या पुढारी, बसा की!" मी तोंड फिरवायचो. नवरीची वरात काढल्यासारखं चालवतोय, असं चारचौघांत बोलायचो.

त्या पावसाळ्यात आईचा दमा उसळला. काळ्या मातीचा रस्ता चिखलानं बंद. दवाखाना जिंतूरला, निदान धरणाजवळच्या डांबरी रस्त्यापर्यंत पाण्यानंच जायला हवं होतं. गंगारामपुढे हात जोडायची पाळी आली. पण मी तोंड उघडायच्या आत त्यानं आम्हा दोघांना बसवून होडी सोडलीसुद्धा.

"पीळ की मूठ!" मी ओरडलो. "आई जायलीय माझी!"

"मधीच बंद पडलं तर? वारं उलटं हाय, वल्ह्यानं न्हाई निभायचं," तो म्हणाला.

आईला आडवं होता येत नव्हतं. मी तिला टेकवून धरलं होतं, पण रागानं माझे हात थरथरत होते. ती कशीबशी म्हणाली, "तू सोड मला. गंगाराम, बाबा, तू धर. तुझा हात लय निवांत हाय."

गंगारामनं मूठ माझ्या हातात दिली, आईला खांद्याशी घेतलं. "दादा, इतकीच पिळायची. याच्यापुढं न्हाई."

ज्यासाठी जळत होतो ते हातात आलं, आणि आई त्याच्या खांद्याला गेली! मला इंजिन नको होतं आता, तो खांदा हवा होता. वाटलं, पिळावी मूठ, दाखवावं याला. तेवढ्यात आई 'बुद्धं सरणं गच्छामि' असं त्रिशरण पुटपुटायला लागली. एक शब्द, मग श्वास, मग पुढचा शब्द. सभांमध्ये मी त्रिशरण घोषणेसारखं खड्या आवाजात म्हणत आलो. त्या दिवशी पहिल्यांदाच हळू म्हटलं, तिच्या श्वासाच्या चालीनं. मूठ होती तिथंच राहिली. माझ्या हातून आणखी काही होण्यासारखं नव्हतं, आणि हे कळलं तशी भीतीही ओसरत गेली.

धरणाजवळ होडी टेकली, तोच एक अनोळखी जीपवाला रेडिएटरसाठी पाणी घ्यायला डबा घेऊन काठावर उतरला. आधी पोचलो असतो तर काठ रिकामा असता. त्यानं आईला थेट जिंतूरच्या दवाखान्यात पोचवलं आणि नावही न सांगता निघून गेला. याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. जीप वळली तेव्हा माझे हात जुळलेले होते, एवढं खरं.

आई बरी झाली. गंगाराम मासे घेऊन आला की तिचा पहिला प्रश्न, "त्याला च्या दिला का रे?" पोटात अजूनही जळतं, खोटं कशाला सांगू? पण मी उठतो, चुलीवर आधण ठेवतो, आणि एक लाकूड मागे ओढून आच बारीक करतो.