मल्लूअण्णाची मांडी

रत्नव्वाचा नवरा मल्लिकार्जुन, म्हणजे पेठेचा मल्लूअण्णा, गुळाचा व्यापारी होता हे फक्त मार्केट यार्डातल्या लोकांना ठाऊक. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात; बाकी सगळ्या शहराला तो पेठेतल्या तालमीच्या संघाचा गोलकीपर म्हणून ठाऊक होता. चाळिशीला टेकला तरी गोलातनं हलायचं नाव नाही. मग शहाण्णव साली पुण्याला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. खराब झडप काढून धातूची बसवली. खोलीत सगळं शांत असलं की तिची टिकटिक रत्नव्वाला ऐकू यायची. त्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी, जन्मभर.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "खेळ बंद. मुका मार लागला तर आत रक्त साठत जाईल. चोळायचं नाही, शेकायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा." मल्लूअण्णानं नंदीबैलासारखी मान हलवली. रत्नव्वानं मात्र शब्दन् शब्द मनात कोरून ठेवला.

आणि तालमीत जाऊन या पठ्ठ्यानं काय सांगावं? "नवा व्हॉल्व्ह बसवलाय!" झालं. तालमीतले निम्मे लोक लेथवर काम करणारे, निम्मे गाड्या दुरुस्त करणारे. व्हॉल्व्ह बदलला म्हणजे इंजिन नवंकोरं, आता आणखी वीस वर्षं बघायला नको, असा त्यांनी हिशेब लावला. गोळीचं अक्षर याच्या तोंडातनं निघालं नाही. का, तर गोलकीपरला साध्या धक्क्याची भीती आहे म्हटलं तर लोक हसतील! हसू देत की! हसण्यानं कुणाची मांडी फुगत नाही.

वर्षभरातच रत्नव्वाला त्याच्या अंगावर काळेनिळे डाग दिसायला लागले. कधी कोपरावर, कधी बरगडीवर, एकदा तर पाठीवर पोळीएवढा. विचारलं की म्हणायचा, "ढेप लागली." शेजारची चिमणाबाई तोंडाला पदर लावून विचारायची, "वैनी, अण्णाला लाटण्यानं बडवतासा काय ओ?" रत्नव्वा वरवर हसायची आणि आतनं उकळायची. गुळाची ढेप पाठीवर येऊन आदळते होय? सकाळी पोरांना सराव द्यायला जातो म्हणून हा गडी स्वतःच गोलात उभा राहत होता. तिनं बूट माळ्यावर टाकले, तर दुसऱ्याचे घालून गेला. भांडून भांडून तिचा घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

दोन हजार एक साली तालमीनं जुन्या खेळाडूंचा सामना ठेवला. मल्लूअण्णा "वसुलीला जाऊन येतो" म्हणून बाहेर पडला. चार वाजता चिमणाबाई धापा टाकत दारात आली.

"वैनी, काय अडिवला ओ गोल अण्णानं! आडवं झेपावून! पण समोरच्या संघाचा गडी गुडघ्यासकट मांडीवर पडला. मॅच तिथंच थांबली. अण्णाला तालमीत नेलंय, वस्ताद चोळाय लागल्यात."

"चोळाय लागल्यात" ऐकलं आणि रत्नव्वानं हातातलं तसंच टाकलं. तशीच अनवाणी धावली. तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईनं पाऊल टाकायचं नाही, ही पिढ्यांची रीत. तिनं उंबऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आत लाल मातीच्या कडेला मल्लूअण्णा पडलेला. मांडी फुगून कातडी तकाकत होती. वस्ताद गणपतराव, साठीचा डोंगराएवढा माणूस, हळद घातलेलं गरम तेल घेऊन दोन्ही अंगठ्यांनी मांडी रगडत होते. तालमीत मार लागला की तो रगडूनच काढायचा, आणि स्वतः वस्तादांनी रगडणं हा तर मान. मल्लूअण्णाचे ओठ पांढरे पडलेले, तरी गप्प.

"हात काढा!" ती ओरडली. "जीव घेताय काय माज्या नवऱ्याचा?"

गणपतराव दचकून मागं सरले. "वैनी, मुका मार हाय. रगडला की उतरंल..."

"रक्त पातळ करायची गोळी खातोय त्यो! रोज! चोळाल तेवढं रक्त आत सांडतंय!" मग ती नवऱ्याकडं वळली. "आणि तुमच्या तोंडात काय गूळ धरलायसा? मरंपर्यंत गप बसणार हुतासा?"

मल्लूअण्णानं डोळे मिटून घेतले. एवढ्या वेदनेत तो पुटपुटला काय, तर "तू तालमीत कशाला आलीस?"

दवाखान्यात डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. रक्त घट्ट होऊ दिलं तर झडप अडकणार, पातळ ठेवलं तर मांडी भरत जाणार. शेवटी मांडी उघडून साठलेलं रक्त काढावं लागलं. रक्ताच्या बाटल्या लागणार म्हटल्यावर अख्खी तालीम बाह्या वर करून दारात उभी राहिली. ते बघून रत्नव्वाचं टाळकंच फिरलं.

"रक्त द्यायला रांग लावताय व्हय? ह्येला गोलात हुबा करायच्या आधी एकानं तरी घरात येऊन इचारायचं हुतं!"

रक्त सगळ्यांनी दिलं, खाली मान घालून.

मल्लूअण्णा वाचला. शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला तेव्हा खाटेशी रत्नव्वा आणि गणपतराव होते. गडी हळूच हसला आणि म्हणाला, "वस्ताद, काय बी म्हणा, गोल मातूर अडिवला! पुढच्या वर्साला..."

पुढच्या वर्षाला! रत्नव्वाच्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडून झालं होतं, रडून झालं होतं, बूट लपवून झाले होते. आता एकच गोष्ट तिच्या हातात उरली होती.

"न्हाय अडिवला," ती म्हणाली. "तुमच्या अंगाखालनं गेला आत. तुमचं मन राखाय सगळी खोटं बोलल्यात. इचारा वस्तादांस्नी."

मल्लूअण्णानं वस्तादांकडं बघितलं. उभ्या जन्मात गणपतराव खेळाबद्दल खोटं बोलले नव्हते. त्यांनी रत्नव्वाकडं बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्यांकडं.

"व्हय मल्लू," ते म्हणाले. "रेषेच्या आत गेलता."

मल्लूअण्णानं भिंतीकडं तोंड केलं. घरी आल्यावर आठवड्याभरानं म्हणाला, "हातमोजं देऊन टाक कुणालातरी." परत कधी तो गोलात उभा राहिला नाही. खरं काय ते मल्लूला कळू द्यायचं नाही, असं वस्तादांनी पेठेत प्रत्येकाला गाठून बजावलं, आणि एरवी पोटात शब्द न ठरणारी ती पेठ या एका गोष्टीला मात्र जागली. सामन्याचा विषय निघाला की मल्लूअण्णा खाली बघून म्हणायचा, "माज्या अंगाखालनं गेला."

तो असं म्हणाला की रत्नव्वा आत जायची आणि भांडी आपटायची. आडवं झेपावून अडवलेला गोल, साऱ्या पेठेनं बघितलेला, आणि तो तिनं स्वतःच्या तोंडानं आत घातला होता. या गाढवानं दुसरा इलाजच ठेवला नव्हता!