थोरलीचा चष्मा

थोरली जाऊ कपडे शिवायची, आणि तिने बेतलेला कपडा अंगावर असा चोख बसायचा की गावात तिच्या शब्दाला मान होता. मग खेड्यापाड्यांत स्वस्तात डोळे तपासणाऱ्या एका दवाखान्याने बाजाराशेजारच्या खोलीत केंद्र काढलं आणि तपासायला निवडलं कोणाला, तर तिच्या धाकट्या जावेला! धाकटी शिकून आली, पांढरा कोट चढवला, आणि लोक तिला चक्क ‘डॉक्टरीणबाई’ म्हणू लागले. थोरलीच्या पोटात दुखायला तेवढं पुरे होतं.

त्यातच तिला सुई ओवता येईना.

“जाऊबाई, या ना एकदा केंद्रात,” धाकटी म्हणाली.

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तुझा तो तक्ता दारातून वाचून दाखवते.” आणि दाखवलाही, अगदी खालच्या ओळीपर्यंत.

“लांबचं चांगलंय हो. जवळचं बघू,” म्हणत धाकटीने बारीक अक्षरांचा कागद पुढे केला. थोरली काम आठवून उठली.

आठवड्याभराने तिने एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. बाई हसून म्हणाली, “घरातच डॉक्टरीण आहे की तुमच्या!” ते मात्र झोंबलं. दुसऱ्या दिवशी दोरे आणायला म्हणून थोरली निघाली ती थेट त्याच दवाखान्याच्या, दोन तासांवरच्या दुसऱ्या केंद्रात. तिथल्या टकल्या तपासनिसाने तिच्या नाकावर चष्मा ठेवला, हातात सुईदोरा दिला. दोरा पहिल्या फटक्यात आत! तिला भरूनच आलं.

“पण एवढ्या लांब का आलात?” तो म्हणाला. “तुमच्या गावची मुलगी तर आमच्यात सगळ्यांत हुशार.”

परतीच्या वाटेवर चष्म्याचा आनंद कमी, ते वाक्यच जास्त टोचत राहिलं.

धाकटीने चष्मा पाहिला, सगळं ओळखलं आणि “शोभतो हं” एवढंच म्हणाली. थोरली मात्र गल्लीभर सांगत सुटली, “तिकडची काचच वेगळी!” दोन्हीकडचे चष्मे एकाच खोक्यातून यायचे, पण ईर्ष्येला कोण समजावणार? धाकटीकडे जायला लाजणाऱ्या बायकांना ती स्वतः बसने तिकडे नेऊ लागली. वर्षभरात तीसेक जणी झाल्या. त्यांतल्या दोघींचे मोतीबिंदूही निघाले.

“एवढी माणसं कोण पाठवतं?” दवाखान्याच्या बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

“आमच्या जाऊबाई,” धाकटीने अभिमानाने सांगितलं.

हे कानावर आलं तेव्हा थोरली शिवणयंत्रावर होती. “बघा,” ती शेजारणीला म्हणाली, “राबायचं मी, आणि चांगुलपणा मिरवायचा हिने!”