कण्हायला न जमलेल्या काकू

टीव्हीवर जाहिरात लागली की आमच्या शेजारच्या काकू पडद्याकडे बोट रोखून विचारायच्या, "ही कोणाच्या घरातली गं?"

विरारला, चंदनसारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा टँकरचं पाणी बादल्यांनी वर चढायचं आणि टीव्हीवरची बाई धो धो नळाखाली कपडे धुऊन वर गिरकी घ्यायची. "आधी पाणी पाठवा मेल्यांनो, मग पावडर विका," काकू सुनवायच्या. भल्या पहाटे भरजरी साडीत चहा आणणारी सून दिसली की म्हणायच्या, "ही लग्नाहून आली की लग्नाला निघाली?"

पण खरा राग मलमाच्या जाहिरातींवर. तुम्हीही पाहिल्या असतील. त्यातल्या आजीला एकच काम, गुडघा धरून कण्हायचं. काकू सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, भोपळा काखोटीला मारून तीन जिने चढणाऱ्या. "मलम विकायचं मला आणि बोलतात सुनेशी! मला काय कान नाहीत?"

एकदा सेक्रेटरींच्या ओळखीतून मलमाच्याच जाहिरातीची माणसं सोसायटीत आली. त्यांना अस्सल मराठी आजी हवी होती. आम्ही सगळ्यांनी काकूंचं नाव पुढे केलं. काकूही लगेच तयार. "एकदाची खरी म्हातारी दिसू दे लोकांना!" कळंबच्या बहिणीपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी कळवून टाकलं.

शूटिंग त्यांच्याच हॉलमध्ये. भर मे महिन्यात त्यांना शाल पांघरून आरामखुर्चीत बसवलं.

"आजी, आता कण्हा," डायरेक्टर म्हणाला.

"कशाला?"

"गुडघे दुखतायत ना तुमचे."

"माझे कुठे? तुमचीच कंबर दुखतेय. मघापासून हात ठेवून उभे आहात."

"तसं समजा हो, आजी."

काकूंनी डोळे मिटले, तोंड वाकडं केलं, "आई गं" म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसत सुटल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. लाइटवाला हसला, दारात उभे आम्ही हसलो. सामान आवरताना डायरेक्टर एवढंच म्हणाला, "बघू, काहीतरी करू."

जाहिरात लागायची त्या संध्याकाळी आम्ही सगळे काकूंकडे जमलो. पडद्यावर केसांना पांढरी पावडर फासलेली कोणी चाळिशीची बाई कण्हत होती. काकूंनी मान खाली घातली. मग सुनेने मलम चोळलं, आजी बरी झाली आणि हसली. खो खो, थांबता थांबेना असं.

"अगं, हे तर माझं हसू!" काकू ओरडल्या. "तोंड तिचं, हसू माझं! विचारलंसुद्धा नाही मेल्यांनी!"

चांगल्याच चिडल्या. पण ती जाहिरात पुन्हा कधी लागते याची वाट बघत आम्हाला उठूही देईनात.

पुढच्या वर्षी काकू झोपेतच गेल्या. दाराला कुलूप लागलं. जाहिरात मात्र चालूच होती. आम्ही जेवायला बसलेलो असायचो आणि ते हसू यायचं. माझ्या हातातला घास हातातच राहायचा आणि आमच्या मजल्यावर एकेका घरातून टीव्हीचा आवाज मोठा झालेला ऐकू यायचा.