बिस्सीचा हिशोब कॉम्प्युटरात घातला तवा

कापडाच्या लूमवर काम करनारी जी मानसं बायकापोरं गावाला ठेवून येतात, त्यांच्या खानावळीला आमच्या भिवंडीत बिस्सी म्हनतात. दोन टाइम जेवाचं, म्हैन्याला पैसे द्याचे. मी नारपोलीत बिस्सी चालवली, एकटीनं. सोळा मानसांच्या वर घेतली न्हाईत, कारन सोळाच्या वर माझा हात पुरत न्हाय.

बिस्सी काय हौसेनं काढली न्हाय. आमचे मालक लूमवर कामाला व्हते. छातीत कापूस बसला, खोकून खोकून गेले. पोरगा सात वर्सांचा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाळीतले चौघं दारात येऊन उभे राह्यले. म्हनाले, "भाभी, हमारा खाना बना दोगी?" मी म्हनलं, बनवते. रडाचं ऱ्हाऊन गेलं, डाळ चढवाची व्हती. पुढं केस पांढरे झाले तशी भाभीची अम्मा झाले.

मी दुसरी शिकलेली. आकडे येतात, अक्षरं जुळवून जुळवून वाचते. पन हात पिठात असतो, वही कुठं धरनार? म्हनून मी दोऱ्याचा हिशोब धरला. नवा मानूस आला की त्यानं आपल्या लूमवरचा हातभर रंगीत दोरा आनून द्याचा. तो दोरा खिळ्याला. ज्या टाइमाला तो जेवला न्हाय, त्याचा खाडा, म्हनून एक गाठ. म्हैना भरला की गाठी मोजाच्या आनि तेवढे पैसे वजा कराचे.

आता ह्यात एक गंमत व्हती. लूमची पाळी फिरते. शुक्रवारी लूम बंद, त्या दिवशी रातपाळीवाला दिवसपाळीत येतो. सकाळी तो रातपाळीच्या पंगतीत जेवतो, मंग दिवसपाळीच्या दोन पंगतीत. झाली तीन जेवनं. पुढच्या फेऱ्याला तोच दिवसपाळीतून रातपाळीत जातो, तवा एक जेवन चुकतं. म्हनून जास्त जेवला की मी एक गाठ सोडाची, चुकला की माराची. सोडाला गाठच नसली तर सोडून द्याचं. एका ताटानं कोन गरीब होतंय?

असं बरीच वर्सं चाललं. मंग डोळ्याला धुकं आलं.

मी कुनाला सांगितलं न्हाय. मोतीबिंदू हाय हे मला कळलं व्हतं, आमच्या शेजारनीला झालेला बघितला व्हता. पन पोरगा कल्याणला राहतो, त्याचं एकच, "आये, बिस्सी बंद कर आनि घरी चल." डोळ्याचं कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी माझी भांडी विकली असती. तो वाईट न्हाय. त्याला वाटतं आयेनं लई केलं, आता बसावं. पन मला बसता येत न्हाय. कल्याणच्या घरात मी दोन दिवस राह्यले की सुनेच्या डब्यांची झाकनं पुसत बसते.

तर झालं काय, एक हिरवा दोरा आनि एक निळा दोरा शेजारी व्हते. मी मानसांना रंगावरनंच ओळखाची, हिरवा, निळा, पिवळा. हिरव्याची आई गावाला वारली. तो गेला, बारा दिवसांनी डोकं भादरून आला. त्या खाड्यांच्या सगळ्या गाठी मी निळ्याच्या दोऱ्याला मारल्या. पहिल्या तारखेला हिरव्याकडनं पुरे पैसे घेतले. त्यानं दिले. एक शबूद बोलला न्हाय.

निळा दुपारी आला, म्हनाला, "अम्मा, मैं तो कहीं गया ही नहीं. पैसा कम कैसे लिया?"

मी दोरे घेऊन दारात उजेडात गेले. तिथंबी मला दोन्ही सारखेच दिसले.

हिरव्याला पैसे परत द्याला गेले तर तो घेईना. "अम्मा का हिसाब है, हम क्या बोलते?" म्हनला. मी म्हनलं, "बोलने का था. मुंह किसलिए दिया है, सिर्फ रोटी खाने को?" तवा त्यानं घेतले. पन मला त्या दिवशी भाकर गेली न्हाय. आईचं दिवस करून आलेल्या मानसाला मी फसवलं, आनि तो गप बसला, कारन त्याला माझ्यावर भरोसा व्हता.

हे सुनेला कळलं. ती मानकोलीला गोडाऊनमधे कॉम्प्युटरवर बसते. कामावरनं जाता जाता माझ्याकडं उतरते, चहा पिते. तिनं माझा हात धरून दारात नेलं, पापनी वर करून बघितलं आनि म्हनली, "आई, हे किती दिवस लपवलंत?"

"तू सांगू नको त्याला."

"सांगावं तर लागेलच. पण आधी हिशोबाचं बघू."

पोरग्याला कळलं तसा तो शुक्रवारी आलाच. भांडन झालं. तो म्हनला बंद, मी म्हनलं न्हाय. शेवटी सूनच मधे पडली. गोडाऊननं एक जुना कॉम्प्युटर काढून टाकला व्हता, तो ती घेऊन येनार, त्याच्यात हिशोब घालनार. पोरगा म्हनला, "ठीक हाय. एक म्हैना बघतो. त्यात हिशोब चुकला तर बिस्सी बंद. मंग कल्याणला यायचं, कुरकुर कराची न्हाय."

मी म्हनलं, "चालेल." दुसरं काय म्हननार?

कॉम्प्युटर आला, पिठाच्या पिंपावर फळी टाकून ठेवला. वर जुन्या साडीचा पदर झाकला, फोडनीची वाफ लागू नये म्हनून. पहिलं सुनेनं तिच्या गोडाऊनमधे चालतं ते सॉफ्टवेअर टाकून दाखवलं. सगळं इंग्रजीत. मानसाचा पत्ता माग, कुठल्या गटातला ते माग, मालाचं नाव माग. तिनं 'डाळ-भात' असं माल म्हनून लिवलं, तर ते विचाराला लागलं, शिल्लक किती.

मी म्हनलं, "शिल्लक राह्यली तर मी खाते, त्याला काय कराचंय?"

सून हसाला लागली. "आई, ह्यात आपली डाळ शिजायची नाही." तिनं ते बंद केलं.

मंग पोरगा नाक्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मानसाला घेऊन आला. त्यानं होस्टेलच्या जेवनासाठी सॉफ्टवेअर बनवलं व्हतं. उघडलं की ताटाचं चित्र, ताटात पुरीबी. लई छान दिसाचं. पोरग्यानं त्याला आगाऊ पैसेबी देऊन टाकले व्हते.

तो म्हनला, "आजी, नुसतं क्लिक करायचं. दोन वेळा जेवण, महिना ठरलेला. सुट्टी असेल तर खाडा टाका, संपलं."

मी म्हनलं, "बाबा, खाडा टाकलास. आता तो काढून दाखव."

"काढायचा कशाला?"

मी त्याला पाळीचं सांगितलं. त्यानं ऐकलं, डोकं खाजवलं. "आजी, एकदा खाडा पडला की लॉक होतो. नाहीतर मुलं फसवतात ना. आणि दिवसाला तिसरं जेवण ह्यात बसत नाही. असं करा, तिसऱ्याचे वेगळे पैसे लावा."

"एका पाळीत त्याचं जेवन चुकतं, दुसऱ्या पाळीत जास्त होतं, ते एकमेकांत फिटतं. त्याचे वेगळे पैसे लावाचे? मंग मी बिस्सीवाली कशाला, सावकारीनच की."

पोरगा चिडला. "आये, तू धंदा करतेस का अन्नछत्र चालवतेस? जग काय तुझ्या दोऱ्यावर चालनार हाय का?"

मी म्हनलं, "तू ह्याच दोऱ्यावर वाढलास. तुला पाळी कशी फिरते ते म्हाईत न्हाय?"

 त्याला खरंच म्हाईत न्हवतं. मी त्याला लूमच्या बाजूला फिरकू दिलं न्हाय कधी, शाळेत घातला. त्यात त्याची काय चूक? दुकानवाला आगाऊ पैसे परत द्याला तयार न्हवता, तर पोरग्यानं त्याला जेवून जा म्हनून बसवला. दोघंबी पोटभर जेवले. पैसे काय आले न्हाईत.

तिसरं सुनेला एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत सापडलं. फुकटातलं. चित्र न्हाय, ताट न्हाय. डाव्या बाजूला नाव, मधे तारीख, आनि मानसापुढं दोन बटनं, अधिक आनि वजा. खाली बेरीज. सुनेनं अक्षरं एवढी मोठी केली की एका टाइमाला चारच नावं दिसाची, काळ्यावर पिवळी. ती मला दिसली. अधिक आनि वजा तर दुसरीतच शिकवतात.

मी दाबून बघितलं. खाडा, वजा. तिसरं जेवन, अधिक. वजा पुसता येतो का? येतो. कुनी विचारत न्हाय का म्हनून. मी म्हनलं, "बाय, हेच."

"दुसरं बघायचं नाही?"

"न्हाय. हे वरनं शहानपना शिकवत न्हाय."

आता नावं घालाची. सून म्हनली नंबर घालू, सोपं पडेल. मी न्हाय म्हनलं. लूमवर त्यांना नंबरनंच हाका मारतात, ताटावर तरी नको. पन नावं विचाराला बसले तवा मला माझी लाज वाटली. सोळांतल्या सात मानसांची नावं मला म्हाईत न्हवती. वर्सानुवर्सं माझ्या हातचं खाल्लेली मानसं. मी हिरवा, निळा म्हनाची, तेबी 'ओ' द्याचे.

पिवळ्याला विचारलं, "तेरा नाम क्या है रे?"

तो घास हातात धरून बघत बसला. "पीला ही ठीक है, अम्मा."

"मशीन को पीला नहीं मंगता. बाप ने रखा वो बोल."

त्यानं सांगितलं. आधी नुसतं नाव, मंग बापाचं, मंग गावाचंबी. सुनेनं लिवलं. तो हात लुंगीला पुसून उठला, पिंपाजवळ आला आनि वाकून बघत राह्यला. त्याला वाचता येत न्हवतं. म्हनला, "ये मैं हूँ?" सून म्हनली, "हाँ भाई, ये तुम हो." शेजारचा वरडला, "अरे, फोटू नहीं है, बाल क्या ठीक करता है!" सगळी पंगत हसली. तोबी हसला. मंग एकेक जन उठून आपापलं नाव बघून गेला. भाजी पार थंड झाली त्या दिवशी.

म्हैनाभर मी बटनं दाबली. लाइट जाची तवा ध्यानात ठेवाची, आली की दाबाची. सून संध्याकाळी येऊन बघाची, पन हात लावाची न्हाय. मला म्हनाची, "तुमचं तुम्हीच करा, म्हणजे त्यांना बोलायला जागा राहणार नाही."

पहिली तारीख आली, शुक्रवारच व्हता. लूम बंद, सगळी घरात दाटीवाटीनं बसलेली. पोरगा आला. दाराशी बसला. सुनेनं एकेक नाव वाचलं, किती वजा, किती अधिक, किती द्याचे. ज्याचं नाव, तो म्हनाचा, "बराबर." दहा झाले, अकरा झाले. 

हिरव्याचं नाव आलं. सुनेनं वाचलं, "चार खाडे वजा, दोन अधिक."

त्यानं लगेच म्हनलं, "बराबर."

बराबर न्हवतं. रातपाळीतनं दिवसपाळीत तो एकदाच आला व्हता, म्हनजे अधिक एकच पायजे. दुसरा अधिक माझ्या बोटानं दाबलेला, वजाच्या जागी. मला ते तिथंच कळलं, दुसऱ्या कुनाला कळलं नसतं. तो तर पुन्हाबी गप बसनार व्हता.

मी म्हनलं, "थांब बाय. चूक हाय. त्याचा एक खाडा मी अधिक करून टाकलाय."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. तिचं तोंड उतरलं.  मी पोरग्याकडं वळून म्हनलं, "चुकला हिशोब. म्या चुकवला."

निळा म्हनला, "अरे अम्मा, तो मिटा दो ना! इसमें क्या है?"

सुनेनं पुसलं, वजा दाबलं. बेरीज खाली आपली आपन बदलली. हिरव्याचे दोन जेवनांचे पैसे कमी झाले. त्याला मी म्हनलं, "फिर चुप बैठा तू? मार खाएगा." तो मान खाली घालून हसला.

पिवळा माझ्या पोरग्याला म्हनला, "भैया, हमारे सेठ के हिसाब में कभी गलती नहीं निकलती. क्योंकि वो दिखाता ही नहीं." सगळे हसले. पोरग्याच्या तोंडावरबी हसू आलं, त्यानं ते मिशीत दाबलं. मंग बाकीची चार नावं वाचून झाली. सगळी बराबर.

मानसं पांगली तवा तो माझ्याजवळ आला. मला वाटलं आता म्हनेल, ठरल्याप्रमाने चल. त्यानं कॉम्प्युटरवर साडीचा पदर सारखा केला.

"डोळ्याचं ऑपरेशन कुठल्या शुक्रवारी कराचं?" त्यानं विचारलं. "आठ दिवस चुलीपुढं बसाचं न्हाय. एक बाई बघतो रांधाला. बटनं तुझी सून दाबेल."

"आनि नंतर?"

"नंतर काय? नंतर तुझी बिस्सी, तू बघ."

मी म्हनलं, "जेवून जा." तो म्हनला, "घाई हाय, बांधून दे." मी चार भाकऱ्या आनि सुकट बांधून दिली. दोघं नवरा-बायको रिक्षाला गेली. मी नाक्यापर्यंत सोडाला गेले न्हाय. संध्याकाळच्या पंगतीचं पीठ भिजवाचं राह्यलं व्हतं.