कधीच न भरलेली टाकी

“हिपॅटायटिस ई,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “घाण पाण्यातून होणारी कावीळ. एरवी बरी होते. पण हिला आठवा महिना आहे. या दिवसांत लिव्हर एकदम बंद पडू शकतं. दोन्ही जिवांचं आत्ताच काही सांगता येत नाही.”

ही म्हणजे माझी मुलगी प्रज्ञा. पहिल्या बाळंतपणासाठी लातूरहून आमच्याकडे नांदेडला आलेली.

मी निवृत्त शिक्षक. नायगाव सोडून इथल्या नव्या वसाहतीत घर बांधलं, बोअर मारला, पाणी गोड लागलं. तेव्हापासून मला त्या पाण्याचा माजच होता. जारचं पाणी पिणाऱ्या व्याह्यांची मी थट्टा करायचो. प्रज्ञानं आल्याआल्या जार लावू म्हटलं, तर मीच म्हणालो, “माहेरी येऊन जारचं पाणी पितीस व्हय? गपगुमान बोअरचं पी.”

महिनाभरानं मळमळ सुरू झाली. “दिवस भरत आले की व्हतंच,” बायको म्हणाली. चार दिवस तसेच गेले. मग पोरीचे डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी.

रोज रक्त काढायचे. बिलिरुबिन म्हणजे कावीळ किती चढली ते. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. तो आकडा वाढला की लिव्हर हरतंय असं समजायचं. तो वाढतच होता. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर मला माझ्याच तोंडाची किळस यायची.

“तुमच्या संडासाची टाकी बोअरपासून किती लांब?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दहा-बारा पावलं.”

“तळ बांधलाय?”

नव्हता. आमच्या गल्लीत कुणीच बांधत नाही. तळ मोकळा ठेवला की सगळं जमिनीत जिरतं, उपसायची कटकट नाही, ही आमची हुशारी. अठरा वर्षांत टाकी एकदाही भरली नाही, हे मी पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगायचो. तेही जेवताना.

त्यांनी तपासणीची एक बाटली दिली. पाण्यात मैला असेल तर आतलं पाणी काळं पडतं. बोअरचं पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या सकाळी नुसतं डांबर.

गवंड्याला बोलावून टाकी उघडली. तो आत वाकून म्हणाला, “सर, तळाला थोडीशीच घाण हाय की. बाकीचं कुठं गेलं?”

कुठं गेलं ते मला ठाऊक होतं. आम्ही ते तांब्याभांड्यातून प्यालो होतो, पाहुण्यांना आग्रह करकरून पाजलं होतं.

अकराव्या दिवशी आकडा उतरला. पुढच्या आठवड्यात नात झाली, मुठीएवढी, पण रडली. त्या डॉक्टरीणबाईंचे आणि सिस्टरांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. आणि तुम्हाला हात जोडून सांगतो, टाकी भरत नसेल तर खूश होऊ नका.

आता तळ बांधलाय, बोअर बंद केलाय, नळाचं पाणी उकळून पितो.

परवा प्रज्ञा वर्षाच्या नातीला घेऊन आली. बाळाला तहान लागली. मी उकळलेल्या पाण्याचं भांडं पुढं केलं. तिनं ते हळूच बाजूला ठेवलं आणि पिशवीतून लातूरहून आणलेली बाटली काढली.

मी भांडं उचलून परत आत नेलं. बोलायला मला तोंड होतंच कुठं?