धुकं पुसलेले फोटो

माझी लेक लातूरला फोटोग्राफी शिकते. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिनं थंडीत पहाटे उठून काढलेले तीन फोटो निवडले होते. धुक्यात उभा देवणी बैल, नुसती शिंगं अन् पाठ दिसणारा. उदगीरचा रिकामा मोंढा, धान्याचा बाजार. लातूरच्या चौकातला एकटा रिक्षावाला. भिंतीवर मोठे प्रिंट लावले तरच मार्क. तिची परीक्षा चालू, म्हणून छापून आणायचं काम माझ्याकडं आलं.

"अप्पा, जसेच्या तसे छापा. त्याला काही करायचं न्हाई," पेन ड्राइव्ह देताना तिनं दोनदा बजावलं.

छापणारा माझा वर्गमित्र. वाढदिवसाच्या फ्लेक्सात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. फोटो उघडून म्हणाला, "पोरीचा कॅमेरा बिघडलाय का रं? समदं धुरकट! धुकं काढून देऊ?"

मलाही मनातून तसंच वाटत होतं. "काढ की. अन् आभाळ जरा निळं कर."

मग आम्ही दोघं थांबेनाच. बैलाच्या पायाखाली हिरवळ उगवली, मोंढ्यावर बगळे उडाले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात हात जोडलेला मी आणि खाली 'शुभेच्छुक: समस्त परिवार'. ते मीच मागून घेतलं.

प्रदर्शनाच्या दारात लेकीनं गुंडाळी उलगडली. बराच वेळ बघितलं, परत नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. तेवढ्यात सर आले.

"तुझी भिंत रिकामी का?"

"प्रिंट काढायचे राहिले, सर. माझंच चुकलं."

"वर्षभर शिकून हे? मार्क कशाचे देऊ?" सगळ्या पोरांसमोर तिला बोलून झाल्यावर ते माझ्याकडं वळले. "आपण वडील ना? हातात काय आहे?"

माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला तासभर बोलण्यात गुंतवणारा माणूस मी. म्हणालो, "काही न्हाई सर. घरच्या पूजेचं बॅनर हाय."

लेकीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. टेबलावर लॅपटॉप मांडून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मूळ फोटो दाखवत राहिली. एक-दोघं वाकून बघत, बाकीचे पुढं जात.

दुपारी ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "सरांना जाऊन खरं सांगू का?"

"राहू द्या, अप्पा. सगळ्यांसमोर तुम्हालाच कसंतरी होईल."

ती नको म्हणाली आणि मला हायसं वाटलं.