राक्षस नव्हे, जावई

अंकुशकाका हळू बोलायला कधी शिकलेच नाहीत. तीर्थपुरीत आमच्या घराला लागून त्यांची पिठाची गिरणी होती. पट्ट्याच्या खडखडाटावर वर्षानुवर्षं आवाज चढवल्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा बाजारापर्यंत ऐकू जायची. मयतीला गेले की सांत्वन अशा आवाजात करायचे, की मेलेला उठून बसेल अशी भीती वाटावी. भुवया पिठानं कायम पांढऱ्या. त्यामुळे तिशीतच ते म्हातारे दिसायचे, आणि खरोखर म्हातारे झाले तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गिरणीत दळण टाकून बायका पायरीवर टेकायच्या आणि पीठ पडेपर्यंत घरचं सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. काका ते ज्याचं त्याला पोचवायचे, पण जसंच्या तसं कधीच नाही. एकदा माझी आत्या सुनेबद्दल म्हणाली, "आमची सून म्हंजे दगड हाये. हालंल तर शपथ!" संध्याकाळी तीच सून पीठ न्यायला आली, तर काका ओरडले, "तुही सासू लई तारीफ करून राह्यल्ती! म्हणं, सून बिलकुल शांत हाये!" त्या आनंदात सून आठवडाभर पहाटे उठली. असं का करता म्हणून विचारलं की काका म्हणायचे, "कोंडा आपल्यापाशी ठेवायचा, पीठ ज्याचं त्याला द्यायचं." मराठीतून मराठीत अनुवाद करणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. इंग्रजीची पाळी नंतर आली.

तेव्हा मी आठेक वर्षांची असेन. धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि जावयाला अनारसे अन् पेटता दिवा वाण म्हणून द्यायचा, ही आमच्याकडची रीत. काकांच्या पुतणीचं नवं लग्न झालेलं. तिच्या नवऱ्याची करमणूक व्हावी म्हणून जालन्याहून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणला होता. पाहुणे मानपान घेऊन गेले, यंत्र मात्र एक दिवस जास्त राहिलं. बरोबर आलेल्या कॅसेटींपैकी एक चुकून इंग्रजी निघाली. सकाळी काकांनी ती एकट्यानंच लावून पाहिली. दुपारी गिरणी बंद ठेवून, खिडक्यांना पोती लावून त्यांनी आळीतली सगळी लेकरं आत बसवली. लेकरांच्या मागून त्यांच्या आया आणि आज्याही आल्या.

"काका, तुम्हाला इंग्रजी येतं?" मी विचारलं.

"इंग्रजीत काय हाये? मराठीच असती, फक्त घाईत बोलत्यात," असं म्हणून काका मेन स्विचखालच्या पोत्यांवर जाऊन बसले.

पिक्चर सुरू झाला. डोंगरातून एक ताडमाड, केसाळ माणूस उतरला आणि वाकून एका झोपडीत शिरला. घरातली बाई थरथरत ताटावर ताट वाढू लागली. घरधनी हात जोडून कोपऱ्यात उभा राहिला. तो धिप्पाड गडी कुणाकडे न बघता खातच होता.

"हा जावई!" काका गरजले. "धोंडे जेवायला आला."

कुणालाही शंका आली नाही. आमच्याकडे जावई असाच येतो. मागून एक आजी म्हणाली, "मंग वाण दिलं का न्हाई?" आणि काय योग पाहा, तेवढ्यात त्या घरातल्या लहान मुलीनं त्याच्या हातात पेटता कंदील दिला.

"दिलं! दिवा दिला, आता अनारसे येतेत," काका म्हणाले. इंग्रज लोकही रीत पाळतात हे पाहून आजीचा त्यांच्यावरचा राग बराच कमी झाला.

मग भाले घेतलेले घोडेस्वार आले. हे कोण, म्हणून आम्ही विचारलं. "त्याच्या घरचे. रुसून आल्ता ना, न्यायला आलेत," काका म्हणाले. भाले वर उचलले गेले आणि टीव्ही एकदम काळा पडला.

"लाइट गेली!" काकांनी जाहीर केलं. आम्ही रडकुंडीला आलो, तेव्हा उरलेली गोष्ट त्यांनी तोंडीच सांगितली. जावई खुशीत डोंगराकडे निघाला. त्या मुलीला खांद्यावर बसवून त्यानं सगळं गाव दाखवलं आणि पुढच्या धोंड्याला परत येतो म्हणाला.

"मंग आला का?"

"येईल ना! तीन वर्षं दम धरा की."

ही गोष्ट मी पुढे माझ्या मुलीला, सईला, घास भरवताना शेकडो वेळा सांगितली. आता सई दहा वर्षांची आहे आणि जालन्यात इंग्रजी शाळेत जाते. परवा तिनं मोबाइलवर शोधून तो पिक्चर काढलाच. आम्ही दोघी पाहायला बसलो. पिक्चर तसा यथातथाच, राक्षसाच्या मानेमागे मुखवट्याची शिवण दिसते. सई संवादांचा अर्थ सांगत होती. तो जावई नव्हता, राक्षस होता, आणि शेवटी शिपाई त्याला भाल्यांनी मारतात. ती मुलगी विझलेला कंदील घेऊन त्याच्याजवळ बसून राहते. शाळेत शिकवणारी, चाळिशी उलटलेली मी "अगं, जावई मेला गं" म्हणून ओक्साबोक्शी रडले.

सईला रडू आलं नाही, राग आला. "आई, त्या आजोबांनी तुम्हाला चक्क फसवलं! रविवारी गावी गेलो की मी त्यांना शेवट दाखवणार. सगळ्यांसमोर."

गावात अजून औषधाची पाकिटं काकांपुढे धरली जातात आणि ते ती दूर धरून, डोळे बारीक करून "जेवण झाल्यावर" असं सांगतात. इंग्रजी जाणणारा माणूस ही त्यांची म्हातारपणची एवढीच मिरास, आणि माझी पोरगी ती काढून घ्यायला निघाली होती. मी सईला परोपरीनं समजावलं. तिचं एकच पालुपद, "पण खरं ते खरं ना?"

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना. रविवारी काकांचं घर भरलेलं होतं. पुतणीचा नवराही होता, आता टक्कल पडलेला. काका खाटेवर होते. गिरणी मुलाकडे गेली, अंगावरचं पीठ गेलं, तरी भुवया तशाच पांढऱ्या. सईनं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. राक्षस दिसताच ते ओरडले, "आला! जावई आला!" टक्कलवाले जावई दचकून सरळ बसले.

सगळं घर खाटेभोवती जमलं. काका गोष्ट सांगू लागले. तेच शब्द, तोच दिवा, तेच अनारसे. पतवंडं आ वासून ऐकत होती. सईचं बोट पडद्याजवळ तयार होतं. घोडेस्वार आले. भाले वर झाले, तसा काकांचा हात मागच्या भिंतीकडे गेला. तिथे नुसती भिंत होती.

सईनं त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं बोट दाबलं आणि मोबाइल काळा झाला.

"लाइट गेली, आजोबा," ती म्हणाली.

पतवंडांनी गलका केला. त्या गलक्यात काकांनी सईला जवळ ओढलं आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. आम्हा दोघींनाच काय ते ऐकू आलं.

"बराबर टायमाला घालवली, माय. मला तर उठून खटका ओढावा लागल्ता."

मग घसा खाकरून त्यांनी नेहमीचा आवाज लावला, "मंग काय! जावई खुशीत निघाला!" बाहेर रस्त्यानं जाणारा एक जण थांबून, कुणाचा जावई म्हणून, आत डोकावू लागला.